लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? बिघाड नेमका कुठे आहे ते आधी शोधा

घरात सगळ्यांच्या फोनवर नेट चालू असतं आणि लॅपटॉप मात्र थोड्या थोड्या वेळाने वायफाय सोडतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, मुलांच्या ऑनलाइन परीक्षेचं पान अर्ध्यात अडकतं. मग आपण राउटर बंद-चालू करतो, नेटवाल्याला फोन लावतो, इंटरनेटवर सापडलेले दहा उपाय एकामागोमाग एक करून बघतो आणि शेवटी वैतागून नवा राउटर घेऊन येतो. अनेकदा तो आणल्यावरही तक्रार तशीच राहते, कारण राउटर बिघडलेलाच नसतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. दुरुस्ती नंतर करा, आधी तुटतंय कुठे ते बघा. लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्यामध्ये चार टप्पे आहेत: लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम), हवेतला सिग्नल, राउटर, आणि घराबाहेरून आलेली लाइन. बिघाड यापैकी कुठल्या टप्प्यात आहे हे कळलं की निम्म्याहून जास्त उपाय करायची गरजच उरत नाही. मी इथे विंडोज ११ असलेला लॅपटॉप, फायबरचं कनेक्शन आणि सोसायटीतला फ्लॅट असं गृहीत धरलंय. विंडोज १० वर मेनू थोडे वेगळ्या जागी असतात, बाकी रीत तीच.

सुरुवात निरीक्षणापासून

एक कागद घ्या. पुढचे दोन-तीन दिवस नेट गेलं की वेळ लिहा आणि शेजारी चार गोष्टी नोंदवा: लॅपटॉप कुठल्या खोलीत होता, चार्जर लावलेला होता की बॅटरीवर होता, त्याच क्षणी फोनवर वायफायनेच नेट चालत होतं का, आणि घरात तेव्हा काय चालू होतं. फोन तपासताना मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर वायफाय गेल्यावर फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं फोनचं वायफाय ठीक आहे.

नेट गेल्या गेल्या काही न करता टास्कबारवरच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा आणि तुमच्या वायफायच्या नावाखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘नो इंटरनेट’ असेल तर लॅपटॉप राउटरला जोडलेलाच आहे, अडचण त्याच्या पुढे आहे. जोडणीच सुटलेली असेल, नाव नुसतं यादीत दिसत असेल, तर गोष्ट लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधली आहे. आणि फोनवर दिसत असूनही लॅपटॉपच्या यादीत नावच नसेल, किंवा वायफायचं बटणच गायब झालं असेल, तर संशय थेट लॅपटॉपच्या कार्डावर घ्यावा.

दुसरी चाचणी फोनच्या हॉटस्पॉटची. फोन लॅपटॉपशेजारी ठेवा, हॉटस्पॉट सुरू करा आणि तासभर लॅपटॉप त्यावर चालवा. तिथेही जोडणी तुटत असेल तर दोष लॅपटॉपचा आहे, हे जवळजवळ नक्की. तिथे एकदाही तुटली नाही तर लॅपटॉपला लगेच निर्दोष ठरवू नका, पण राउटर आणि सिग्नल आधी तपासा. ही चाचणी फुकट आहे आणि नवा राउटर आणण्याआधी प्रत्येकाने करायलाच हवी.

दोन काळ्या खिडक्या

आता पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणं. हे नाव ऐकून घाबरू नका, यात बिघडण्यासारखं काही नाही.

१. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं टाइप करा आणि कमांड प्रॉम्प्ट उघडा.

२. त्यात ‘आयपीकॉन्फिग’ असा एक सलग शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा. वायफायच्या भागात ‘डिफॉल्ट गेटवे’समोर एक आकडा दिसेल. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. हा तुमच्या राउटरचा पत्ता.

३. आता ‘पिंग’, जागा, तो पत्ता, जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘टी’ हे अक्षर, असं सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहून एंटर दाबा. ओळी एकाखाली एक धावू लागतील.

४. दुसरी कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडा आणि तिथे हाच आदेश राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ वर द्या. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचं ठिकाण.

दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून काम करत राहा. नेट अडकलं की दोन्हीकडे नजर टाका. फक्त बाहेरची खिडकी थांबली आणि राउटरची सुरळीत चालू असेल, तर तुमचं वायफाय ठीक आहे आणि दोष लाइनचा किंवा राउटरच्या पुढचा आहे. दोन्ही एकदम थांबल्या तर वायफायच गेलंय किंवा राउटर अडकलाय. ‘जनरल फेल्युअर’ असा संदेश आला तर लॅपटॉपची जोडणीच सुटली असं समजा. राउटरकडून उत्तर यायला एरवी काही मिलिसेकंद लागतात. तिथेच शेकड्यांत आकडे दिसत असतील, मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर सिग्नल कमजोर आहे किंवा हवेत गर्दी आहे. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की चाचणी थांबते आणि किती टक्के पाकिटं, म्हणजे उत्तर न आलेल्या हाका, हरवली ते दिसतं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पिंग चालू असताना वायफाय कार्डाला सतत काम मिळतं, ते झोपत नाही. त्यामुळे एरवी हमखास तुटणारी जोडणी पिंग चालू असताना तुटतच नाही असं दिसलं, तर तोही एक पुरावाच आहे. अशा वेळी पॉवर सेव्हिंगवर संशय घ्या. त्याकडे पुढे येतोच.

लाइन किंवा राउटर दोषी निघाला तर

फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशी नावं असलेले दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा आणि लॉस विझलेला, ही चांगली स्थिती. लॉस लाल झाला, लुकलुकू लागला, की प्रकाशाचा सिग्नल डब्यापर्यंत पोचत नाहीये. वायर कुठेतरी दुमडली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा गच्चीवर ओढली गेली आहे. इथे तुमचं काम फक्त पाहण्याचं. फायबरची पिन काढून फुंकर मारू नका, तिच्या टोकात डोकावूनही बघू नका. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं मोघम न सांगता ‘या या वेळी लॉसचा दिवा लाल होता, राउटरला पिंग चालू होतं आणि बाहेरचं बंद’ असं सांगा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. एवढं नेमकं सांगितलं की माणूस योग्य सामान घेऊन येण्याची शक्यता वाढते.

नेट जातं तेव्हा राउटरचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील तर तो रीस्टार्ट होतोय. कारण बहुधा वीज. जुना झालेला अडॉप्टर, सैल बसलेली पिन, किंवा सेट-टॉप बॉक्सचा अडॉप्टर ‘बसतोय ना’ म्हणून लावलेला. अडॉप्टरवरचे व्होल्ट राउटरवर छापलेल्या आकड्याइतकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. घरात इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर तो बॅटरीवर जायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात राउटर बंद होऊन परत सुरू होतो. मग दोन-तीन मिनिटं नेट नाही. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून बघा. नाहीतर राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट लुकलुकणाऱ्या गावांत मी हा यूपीएस आधी घ्यायला सांगेन, महागडा राउटर नंतर.

हवेतला सिग्नल

सर्वांत जास्त घरांत गडबड इथे असते, आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

राउटर कुठे ठेवलाय ते बघा. नेटवाला वायर जिथून आत आणतो तिथेच तो डबा लटकतो: दाराशी चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे, माळ्यावर सामानाच्या आड. पुढे लोखंडी कपाट, मोठा आरसा, मासे ठेवलेली काचेची टाकी, आरसीसीची भिंत यांपैकी काही असेल तर सिग्नल तिथेच बराच अडतो. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांत आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत तर एक खोली ओलांडतानाच रेंज निम्मी होते. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. बंद कपाटात तो तापतो, तेही वाईटच.

मग बँड. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. २.४ लांब जाते, भिंती जास्त सोसते, पण तिथे प्रचंड गर्दी असते: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, वायरलेस माउस. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपास चालतो, म्हणून स्वयंपाकघराला लागून बसलात तर दूध गरम करताना नेट गेल्याचं कागदावर दिसेल. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लॅपटॉपला लावला की २.४ वर गोंगाट होतो, हे तर कित्येकांना माहीतच नसतं. डिस्क काढून बघा, किंवा लांब केबलने दूर ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी असते, वेग जास्त मिळतो, पण दोन भिंतींपलीकडे ती टिकत नाही. भारतात २०१८ साली या लहरीचा मोठा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला झाला, त्यामुळे आता ५ वर चॅनेल, म्हणजे लहरीतल्या वेगवेगळ्या वाटा, भरपूर आहेत.

बऱ्याच राउटरवर दोन्ही लहरींना एकच नाव असतं आणि लॅपटॉप आपल्या मर्जीने इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीला जोडणी क्षणभर सुटते. राउटरच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या स्टिकरवर लॉगिनचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत जा, वायरलेसच्या पानावर ५ च्या लहरीला वेगळं नाव द्या. लॅपटॉप राउटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर त्याला ५ वर जोडा, लांब असेल तर २.४ वर, आणि दुसरं नाव लॅपटॉपमधून ‘फरगेट’ करून टाका. एवढ्यानेच तक्रार संपलेली घरं खूप आहेत.

२.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल हाताने निवडा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप टाकलं की कोणता शेजारी कुठे बसलाय त्याचं चित्र दिसतं. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला कमी गर्दीचा घ्या. ३ किंवा ४ मोकळा दिसला म्हणून तिथे जाऊ नका, तिथे दोन्हीकडचा त्रास होतो. चॅनेल विड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवा. १२ आणि १३ टाळा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या कित्येक लॅपटॉपना हे दोन चॅनेल दिसतच नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि एखाद्या दिवशी आपणहून १३ वर गेला, तर फोनला वायफाय दिसतं आणि लॅपटॉपच्या यादीतून ते नाहीसं होतं. कारण कळलं नाही तर माणूस हैराण होतो.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनेल निवडा. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. हवामानाची काही रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे त्याला तो चॅनेल ताबडतोब सोडावा लागतो, आणि सगळी उपकरणं एकदम तुटतात. विमानतळाजवळ राहत असाल तर हे मुद्दाम तपासा.

लॅपटॉपच्या आत

हॉटस्पॉटवरही तुटत होतं, किंवा फोन ठीक आणि एकटा लॅपटॉपच रुसतो, अशांनी इथून सुरुवात करावी. इथे एका वेळी एकच बदल करा आणि एक दिवस वापरून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर परत बिघडलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पहिल्यांदा लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करून परत सुरू केल्याने सिस्टीम पूर्ण नव्याने उठत नाही, रीस्टार्टने उठते. महिनोन्‌महिने फक्त झाकण मिटून ठेवला जाणारा लॅपटॉप तर नक्कीच रीस्टार्ट करा.

त्यानंतर पॉवर सेव्हिंग. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये वायफाय कार्डाचं नाव शोधा. इंटेल, रियलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी एक असेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबवर, वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू देण्याची जी खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपांवर ही टॅबच नसते, मग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’ दिसतात का बघा आणि बॅटरीसमोरही ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ निवडा. तुमच्या कागदावर ‘बॅटरीवर असतानाच तुटतं’ किंवा ‘झोपेतून उठवल्यावर तुटतं’ अशी नोंद असेल तर उत्तर बहुधा इथेच आहे.

मग ड्रायव्हर. ‘विंडोज अपडेटनंतर सुरू झालं’ असं असेल तर त्याच प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू आहे का बघा आणि मागच्या आवृत्तीवर जा. तसं नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचा नंबर टाकून, वायफायचा नवा ड्रायव्हर उतरवा. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या जाहिरातीतल्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका. आणि जुना ड्रायव्हर काढण्याआधी नवा डेस्कटॉपवर उतरवून ठेवा. काढल्यावर वायफायच नसेल तर तो उतरवणार कशाने?

इंटेलचं कार्ड असेल तर प्रॉपर्टीजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ सापडेल. दुसरा सिग्नल शोधायला कार्ड किती उतावीळ आहे, त्याची ही पातळी. घरात एकच राउटर असेल तर ती एक पायरी खाली आणा. तिथेच ‘प्रिफर्ड बँड’मध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडता येतं.

कारण तरीही लागत नसेल तर विंडोज स्वतःच नोंद ठेवतं. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’ उघडा आणि चार शब्द इंग्रजीत, मध्ये जागा सोडून लिहा: ‘एनईटीएसएच’, ‘डब्ल्यूएलएएन’, ‘शो’ आणि ‘डब्ल्यूएलएएन’ला जोडून ‘रिपोर्ट’. शेवटी एका फाइलचा पत्ता छापला जाईल, ती ब्राउझरमध्ये उघडा. गेल्या ३ दिवसांत जोडणी कधी लागली, कधी तुटली आणि का, हे त्यात आलेखासकट असतं. तुमच्या कागदावरच्या वेळा त्याच्याशी ताडून बघा. ड्रायव्हरने जोडणी तोडली असं वारंवार दिसलं तर ड्रायव्हर आणि पॉवर सेव्हिंगकडे परत जा.

आयपीकॉन्फिगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा, आणि कधीकाळी कुणी हाताने ठरावीक पत्ता घालून ठेवलाय का ते बघा, तसा असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. ‘नेटवर्क रीसेट’ हा पर्याय अगदी शेवटचा. तो सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड पुसतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो करूच नका, व्हीपीएनचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणाऱ्या वाटेचं, सेटिंगही जाऊ शकतं. फक्त व्हीपीएन लावल्यावरच तुटत असेल तर तुमच्या नोंदी ऑफिसच्या आयटी विभागाकडे पाठवा.

मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘आरएसएसआय’समोर सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, उणे ८० म्हणजे आता तुटणारच. लिनक्सवाल्यांनी नेटवर्क मॅनेजरच्या वायफाय पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहावं.

राउटरच्या पानावर आणखी दोन जागा

जुना लॅपटॉप आणि नवा राउटर अशी जोडी असेल तर सुरक्षेच्या पानावर ‘डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र’ असं आहे का बघा. या वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या आणि नव्या पद्धती. जुनी कार्डं यात गोंधळतात. नुसतं डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवून बघा. दुसरं, जोडणी घड्याळ लावल्यासारखी बरोबर दर तासाला तुटत असेल तर ‘ग्रुप की’ (सगळ्या उपकरणांना मिळून असलेली सुरक्षेची किल्ली) बदलण्याचा कालावधी ३६०० सेकंद आहे का तपासा आणि तो वाढवा.

हे सगळं करूनही

लॅपटॉपचं झाकण मागे-पुढे केल्यावर रेंज कमी-जास्त होते का? बहुतेक लॅपटॉपांत अँटेना पडद्याच्या कडेला असतो आणि त्याच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी दुरुस्त केली, पडदा बदलला, बॅटरी बदलली आणि त्यानंतर वायफाय कमजोर झालं, तर त्यातली एखादी वायर निसटलेली असणार. जिथे काम झालं तिथेच परत दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. वॉरंटीतला लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नका.

कार्डच गेलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपांत ते बदलता येतं. घेताना सांभाळा: इंटेलचं एएक्स२०१ आणि एएक्स२१० दिसायला सारखीच, पण एएक्स२०१ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपांतच चालतं. दुकानदाराला लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल सांगूनच घ्या. उघडायचं नसेल तर यूएसबीचा वायफाय डाँगल लावा, पण दोन्ही लहरींवर चालणारा घ्या, फक्त २.४ वाला नको.

आणि परीक्षा किंवा मुलाखत उद्यावर आली असेल तर आज हे काहीच करत बसू नका. राउटरमागच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टपासून लॅपटॉपपर्यंत कॅट ५ई ची नेटवर्क केबल टाका. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी ते लॅन अडॉप्टर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. केबल जमिनीवरून जात असेल तर टेपने चिकटवा, म्हणजे कुणी अडखळणार नाही. फोनचा हॉटस्पॉट चार्जिंगला लावून बाजूला तयार ठेवा आणि त्याचा पासवर्ड आदल्या रात्रीच लॅपटॉपमध्ये एकदा टाकून बघा.